पाव मिलिमीटर

शालननं, माझ्या बायकोनं, आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते पावट्याच्या शेंगा सोलायचं. दारातल्या पायरीवर ऊन आलं होतं. ती सोलून दाणे माझ्याकडं सरकवायची आणि मी त्यातले किडके बघून बाजूला टाकायचो. पूर्वी ही दोन्ही कामं तिची एकटीची होती. डोळ्याचं आपरेशन होऊनही तिला दाण्यावरचं भोक दिसत नव्हतं, म्हणून मला बसवलं होतं. शेंग कुठं फोडायची ते मात्र तिच्या बोटांना बघावं लागत नव्हतं.

"उद्या सकाळी जाऊया की," ती म्हणाली.

"कुठं?"

"डोळ्याच्या दवाखान्यात. त्या पोरीला सांगून येऊ, तिची चूक न्हाय म्हणून."

"झालं ते झालं. गप सोल."

"तुमास्नी लाज वाटती म्हणून टाळताय."

"व्हय, वाटती. सोल."

ती सोलत राहिली. जरा वेळानं म्हणाली, आमटीत गूळ तुम्ही घालू नका, तुमच्या हातनं खडा मोठा पडतो. मग टरफलं पाटीत भरून शेजारच्या शेळीपुढं टाकून आली, जरा पडते म्हणाली आणि आत गेली. चहाच्या वेळेला मी उठवायला गेलो तर उठली नाही. डॉक्टर आले. छातीचं होतं, म्हणाले. साखरेच्या माणसाला कधी कधी कळही येत नाही, म्हणाले. मी त्यांना विचारलं, माणसाला झोपेत काही कळतं का. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बॅग उचलली.

त्याला आता वर्ष होत आलं. यंदा परत थंडी पडलीय. कळंब्याच्या पलीकडं गुऱ्हाळं पेटलीत. सकाळी दार उघडलं की चिपाडाचा धूर आणि उकळत्या रसाचा वास आधी घरात येतो, मागनं उजेड येतो. लोकांना ह्या वासानं भूक लागते. मला डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली आठवते. आमच्या घरात त्या थंडीत हे दोन वास एकत्र राहायला आले होते, गुळाचा आणि औषधाचा, आणि ते मला अजून वेगळे करता येत नाहीत.

शालनला साखर होती, त्यामुळं गूळ बंद. पण गुऱ्हाळावरनं कुणी तांब्याभर काकवी दिली की ती बोट बुडवून चाटायचीच. मी ओरडलो की म्हणायची, "बोट किती मोठं हाय माझं, बघा की." तिच्या ह्या बोटाएवढ्या खाण्यानं डोळ्यांवर काय झालं असेल ते देव जाणे. डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आली होती. वरनं मोतीबिंदू. डाव्या डोळ्यानं तर आधीच काम सोडलं होतं, उजव्याची लढाई चालली होती.

तिला फार काही बघायचं नव्हतं. टीव्ही ती नुसता ऐकायची. बहीण राधानगरीला दिलेली, तिच्याकडं एकटीनं जायचं तर एस.टी.ची पाटी वाचता आली पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं. स्टँडवर दर वेळी कुणाला तरी विचारायचं, "बाळा, ही कुठली गाडी?" ह्याची तिला चीड होती. एकदा कुणीतरी चेष्टेनं चुकीची गाडी सांगितली आणि बाई गारगोटीच्या गाडीत जाऊन बसली. कंडक्टरनं परत उतरवलं. घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गाडीत बसवायला मी गेलो नव्हतो, हा माझा गुन्हा.

आमच्या पिढीत डोळ्याचं आपरेशन थंडीतच करायचं असतं. उन्हाळ्यात डोळा पिकतो, पावसाळ्यात पाणी धरतो, असं आम्ही ऐकत आलो. दिवाळी झाली की गल्लीतल्या म्हाताऱ्या एकेक करून हिरवी पट्टी लावून कट्ट्यावर बसायच्या. आता तसलं काही नसतं, वर्षभर करतात, असं डोळ्याचे डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, तुम्ही एसी खोलीतनं बोलताय. मी सातवी शिकलेला माणूस. कानात एकदा बसलेलं माझ्या डोक्यातनं निघत नाही. शिवरात्रीच्या आत डोळा झाला पाहिजे, हे मी ठरवून टाकलं होतं, आणि मी ठरवलं म्हणजे घरानं ठरवलं.

आपरेशनच्या आधी डोळ्याची लांबी मोजतात. मला हे माहीत नव्हतं. डोळा पुढून मागं किती लांब आहे, त्यावर आत बसवायच्या भिंगाचा नंबर ठरतो. दवाखान्यात मोजायची दोन यंत्रं होती. एकात बधिर करायचा थेंब घालून पेनासारखी नळी बुबुळाला अलगद टेकवतात. आवाज आत जातो, पडद्यावर आपटून परत येतो, त्यावरनं लांबी कळते. दुसऱ्यात काही टेकवत नाहीत. हनुवटी ठेवायची, कपाळ लावायचं आणि आतल्या लाल ठिपक्याकडं बघायचं. उजेडच मोजून येतो.

यंत्रावर श्वेता म्हणून पोरगी होती. आमच्या नातीएवढी. ती म्हणाली, पडद्याचा आजार असलेल्या पेशंटची मापं आम्ही दोन्ही यंत्रांवर घेऊन ताडून बघतोय, आजींची घेतली तर चालेल ना? मला तर परत कारखान्यात बोलावल्यासारखंच झालं. चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर लोखंड कातत काढलीत मी. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ह्या मापं घ्यायच्या हत्यारांच्या दोन आकड्यांत माझं आयुष्य गेलं. मी म्हटलं, दोन्ही मापं सारखी येत्यात का?

"चांगल्या डोळ्यांत जवळजवळ सारखी येतात, आजोबा. सूज असली की फरक पडतो."

"कशानं?"

तिनं भिंतीकडं बोट केलं. "ओल येऊन गिलावा फुगला तर कसं होतं? आवाज त्या फुगलेल्या गिलाव्यावरनंच मागं फिरतो. म्हणजे डोळा आहे त्याच्यापेक्षा आखूड वाटतो. उजेड आत विटेपर्यंत जातो. म्हणून सूज असली की आम्ही उजेडाच्या मापावर जास्त भरवसा ठेवतो."

"मग ते नळीचं टाकूनच द्या की."

"तसं नाही. उजेडाचं माप खरं यायला पेशंटनं बरोबर ठिपक्याकडं बघावं लागतं. मधोमध. आणि ह्यांना मधलंच तर दिसत नाही."

ह्या पोरीनं मला दोन मिनिटांत जे समजावलं ते इतकं सरळ होतं की पुढं मी जे केलं त्याला न समजल्याचं कारण लावता येत नाही. मला समजलं होतं. सगळं समजलं होतं.

त्या दिवशी शालनला ठिपका दिसेना. "आजी, लाल ठिपका दिसतोय?" "न्हाय बाई." "आता?" "मगाशी दिसला, आता गेला." आकडे कधी वर, कधी खाली. श्वेतानं सात-आठ वेळा घेतलं आणि डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर म्हणाले, आधी सुजेसाठी इंजेक्शनं देऊ, दीड-दोन महिन्यांनी परत मोजू, मग आपरेशन. मी बोटांवर महिने मोजले. शिवरात्र जाते. मग उन्हाळा, मग पाऊस, म्हणजे पुढचं वर्ष. मी म्हटलं, एकदा परत बघा तर खरं, आठ दिवसांनी. ते म्हणाले, बघू. माझ्या कानानं तेवढंच ऐकलं.

ते आठ दिवस मी शालनला शिकवलं. लेथवर नवीन पोरांना शिकवायचो तसं. पिठाचा डबा टेबलावर ठेवायचा, त्याच्या काठावर तिनं हनुवटी टेकवायची, आणि मी समोर उदबत्ती पेटवून धरायचो. उदबत्तीचा निखारा म्हणजे लाल ठिपका.

"दिसतंय?"

"मधे काळं हाय. निखारा त्या काळ्यात जातोय."

"मग डोळा जरा वर घे. डावीकडं. दिसतंय?"

"व्हय, कडंला दिसतंय."

"बास. तिथंच थांबव. हलवायचा न्हाय. आणि विचारलं की दिसतंय म्हण."

"पर मधे दिसाय पायजे म्हणली ती पोरगी."

"तू बघतीस त्येच मधे."

ती हसली. "तुमी तर काय, देवाच्या डोळ्याला बी लेथ लावाल." खोली उदबत्तीच्या धुरानं भरायची. तिच्या डोळ्यातनं पाणी यायचं. मी पदरानं पुसायचो आणि म्हणायचो, परत. आज उदबत्ती लावायचा प्रसंग आला की मी बाहेर जाऊन उभा राहतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा देवावर राग आहे.

एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. कारखान्यात एकदा माझ्या हातनं व्हर्निअर खाली पडला होता. शून्यावर शून्य बसायला पाहिजे ते जरासं सरकलं, आणि माझ्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी सगळे जॉब, म्हणजे कातलेले तुकडे, मी एकसारखे काढले. दहा वेळा मोजले तर दहाही वेळा तोच आकडा. मालकाला मी छाती काढून दाखवले. सगळे भंगारात गेले. तेव्हापासून नवीन आलेल्या प्रत्येकाला मी सांगत आलो की माप एकसारखं येतंय म्हणून ते खरं आहे असं समजू नका. आधी शून्य बघा. हे मी किती जणांना सांगितलं असेल. आणि घरात पिठाच्या डब्यासमोर बसून मी बायकोच्या डोळ्याचा शून्य स्वतःच्या हातानं सरकवला.

आठ दिवसांनी शालननं डोळा असा थांबवला की श्वेताला आनंद झाला. "आजी, आज किती छान बघितलंत." आकडे एकाखाली एक, जवळजवळ सारखे. मग तिनं नळीनं मोजलं आणि कागदाकडं बघत राहिली. दोन यंत्रांत पाव मिलिमीटरहून जरा जास्तच फरक होता. सुजेनं पडावा त्याहून जास्त वाटतोय, असं काहीतरी ती स्वतःशीच बोलली. पाव मिलिमीटर म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला काहीच नाही. आमच्या धंद्यात तो जॉब गेला. डोळ्यातही गेलाच, हे मला नंतर कळलं.

"आजी, एक विचारू? ठिपका मधोमध दिसत होता ना? समोर?"

शालननं हनुवटी उचलली आणि मी कुठं उभा आहे ते अंदाजानं शोधत माझ्याकडं वळली. मी घसा खाकरला, दुसरं काही केलं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात बाईला खाकरण्याचे अर्थ कळतात.

"मधोमध दिसत हुता," ती म्हणाली.

खोटं बोलताना तिचा आवाज बारीक व्हायचा. तो झाला. मला ऐकू आला. श्वेताला तिचा आवाज माहीत नव्हता, तिनं लिहून घेतलं.

माप मिळालं म्हणून सुजेचं इंजेक्शन डॉक्टरांनी आपरेशनच्या वेळीच दिलं, आणि आपरेशन थंडीतच झालं. दवाखान्यातनं घरी आणताना रिक्षातनं गुऱ्हाळाचा धूर दिसत होता. मी म्हटलं, बघ, शिवरात्रीच्या आत झालं का नाही. हिरव्या पट्टीखालनं ती म्हणाली, "झालं बाई." पट्टी काढली तेव्हा उजेड तिला छान दिसला. भिंती पांढऱ्या झाल्या, म्हणाली. माझं तोंड किती काळं आहे तेही म्हणाली. दोन दिवस आम्ही खुशीत होतो. मग कळलं की उजेड आला, पण त्या उजेडात काही धड नाही. लांबचं पसरलेलं, जवळचंही पसरलेलं. भिंगाचा नंबर चुकला होता. पडद्यानं जेवढं राखलं होतं, तेवढंही नीट बघता येईना. चष्मा दिला तर डोकं धरायला लागलं.

डॉक्टरांनी कागद काढले आणि आमच्यासमोरच श्वेताला बोलले. मोठ्यानं नाही. मोठ्यानं बोलले असते तर बरं झालं असतं. "माप घेताना लक्ष कुठं असतं तुझं? दोन यंत्रांत एवढा फरक दिसतोय तर थांबायचं नाही?" पोरगी म्हणाली, "सर, आकडे एकसारखे होते." ते म्हणाले, "मग हे काय आहे?" ती कागद परत परत उलटायला लागली. उत्तर माझ्याकडं होतं. शालननं खुर्चीखालनं माझा हात धरला आणि दाबला. तिच्या बोटांत अजून जोर होता. मी हात सोडवून घेतला आणि चपला शोधायला लागलो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बोलला का न्हाईसा?"

"काय बोलू? बायकोला खोटं शिकवलं म्हणू?"

"तसंच म्हणायचं."

तेव्हापासून रोज. भाकरी थापताना, अंगणात, मी जेवताना. आवाज न चढवता. "ती पोरगी रडली आसंल." "तिची नोकरी जाईल का ओ?" मला वाटायचं, हिच्या डोळ्याचं वाटोळं झालंय आणि ही दुसऱ्याच्या पोरीसाठी झुरतीय. आता वाटतं, तिनं मला तरी कधी बोल लावला? एकदाही नाही. माझ्यामुळं तिची एस.टी.ची पाटी गेली हे तिनं तोंडातनं काढलं नाही. राधानगरीचं नावच काढायचं तिनं बंद केलं. बहिणीचा फोन आला की म्हणायची, "तूच ये की, हिकडं लई थंडी हाय." थंडी राधानगरीला आमच्यापेक्षा जास्त असते.

कधी कधी मी ह्याचा हिशेब दुसऱ्या बाजूनं मांडून बघतो. सूज उतरेपर्यंत थांबलो असतो तरी पडदा काही नवा होणार नव्हता. मधलं काळं राहणारच होतं. ती तशीही जायची त्या दिवशी जाणारच होती, छातीला डोळ्याचं काय माहीत. हे सगळं खरं आहे. पण शेवटचे काही आठवडे तिनं जे धुरकट जग बघितलं ते पडद्यानं दिलेलं नव्हतं, मी दिलेलं होतं. पडद्याचं किती आणि माझं किती, हे मोजायचं यंत्र नाही. असतं तर मी ते कपाळाला लावून बसलो असतो.

गल्लीतली माणसं मला म्हणतात, आबा, तुमी लई केलासा बायकोचं. हाताला धरून दवाखान्यात नेत होता. हो, हाताला धरून नेत होतो. मी त्यांना काही सांगत नाही. चहा देतात, पितो. ह्या थंडीत आणखी दोघींची आपरेशनं झालीत, कट्ट्यावर बसतात. आता काळा चष्मा देतात. त्या मला बघून सरकून जागा करतात, आणि मला तिथं बसवत नाही.

शालनला बाहेरच्या खोलीत आणून ठेवली ती संध्याकाळ मला तुकड्यातुकड्यानं आठवते. थोरली लेक संगीता इचलकरंजीहून आली, तिनं आईच्या उशाचा चष्मा उचलून घेतला. पावटे सोललेले तसेच चुलीजवळ पातेल्यात होते. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली आणि धोतर नेसलो. संगीता दारात आडवी आली.

"आबा, कुठं निघालासा?"

"दवाखान्यात."

"काय हुतंय तुमास्नी?"

"मला काय न्हाय हुत. काम हाय."

"सुतक हाय. तुमी आज उंबरा ओलांडायचा नसतोय. माणसं यायची हैत."

"येऊ देत. बसव त्यांस्नी," मी म्हटलं, आणि निघालो. मागनं ती रडायला लागली ते ऐकू आलं. थांबलो असतो तर परत कधीच गेलो नसतो.

दवाखाना नुकताच उघडला होता. श्वेता यंत्रावरची आच्छादनं काढत होती. मला बघून तिचं तोंड उतरलं, भांडायला आलोय असं वाटलं असेल. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिठाचा डबा, उदबत्ती, डोळा वर आणि डावीकडं, दिसतंय म्हण. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर काहीतरी गाळलं असतं.

तिनं हातातलं आच्छादन घडी घालून ठेवलं. मग म्हणाली, "आजोबा, मी कितीदा ते आकडे काढून बघितले. मला वाटलं यंत्रच बिघडलंय. मला वाटलं मला हे कामच येत नाही."

"तुला येतंय. मला येत न्हवतं."

"हे तेव्हाच सांगायचं होतं ओ." तिला राग आला होता, आणि तो यायलाच पाहिजे होता. पण लगेच खुर्ची ओढून तिनं कागद पुढं घेतला. "बरं, आता कारण कळलंय. ह्याच्यावर करता येतं काहीतरी. आता सूजही उतरली असेल. आपण नीट माप घेऊ, मी डॉक्टरांशी बोलते. भिंग बदलता येतं, नाहीतर वरनं दुसरं बसवता येतं. आजींना कधी आणताय? आज आणता का?"

मी टेबलाचा काठ धरला.

"काल गेली ती," मी म्हटलं.

श्वेतानं पेन खाली ठेवलं. बाहेर बाकांवर माणसं येऊन बसायला लागली होती, कुणीतरी नंबर विचारत होतं. तिनं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी ते प्यायलो नाही. मी म्हटलं, "पोरी, तुझ्या त्या दोन यंत्रांच्या मापात तिचं माप हाय न्हवं?"

"आहे."

"त्येच्यापुढं लिव. तिला ठिपका मधे दिसत न्हवता."

तिनं त्या मापांची यादी काढली, शालनचं नाव शोधलं आणि लिहिलं.

"आता आणि एक लिव. नवऱ्याला ठावं हुतं."

"हे असं लिहीत नाहीत, आजोबा."

"मग पेन हिकडं दे."

तिनं जरा विचार केला आणि यादी माझ्यापुढं सरकवली. मला लिहायची सवय नाही, अक्षर मोठं येतं, ओळीत बसत नाही. मी दोन ओळींची जागा घेतली. खाली सही केली, पुन्हा वाचून बघितलं, आणि घरी माणसं वाट बघत होती म्हणून उठलो.